विश्लेषण : पानावरची पांढरी नागमोडी रेघ नेमकी कोणाची?

भाताची कापणी-झोडणी आटोपली की रत्नागिरी जिल्ह्यातले मळे पुन्हा हिरवे होऊ लागतात. जमिनीत उरलेल्या ओलीवर चवळी, कडवे वाल, कुळीथ पेरले जातात. विहिरीचे किंवा पऱ्याचे पाणी असेल तिथे कलिंगड, काकडी, पडवळ, दोडका लागतो. रोप दोन-चार पानांवर येते न येते तोच एखाद्या सकाळी पानावर पांढरी, वेडीवाकडी रेघ दिसते. कुणी लहान मुलाने खडूने गिरगटून ठेवावे तशी.

पुढचा घटनाक्रम आता ठरलेला आहे. पानाचा फोटो निघतो, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. कुणी ‘व्हायरस’ म्हणते, कुणी ‘करपा’, कुणी ‘नागअळी’. चौथा माणूस औषधाच्या बाटलीचा फोटो टाकतो आणि संध्याकाळी पंप पाठीवर चढतो. फवारणी होते, पैसे खर्च होतात, आणि आठवड्याने पाहावे तर नव्या पानांवर पुन्हा रेघा. कधी कधी आधीपेक्षा जास्त.

या साखळीत एक पायरी गाळलेली असते : रेघ कोणी काढली आणि काढणारा अजून पानात आहे का, हे पाहण्याची. ती पायरी फुकट आहे. तिला एक पान, ऊन आणि पाच मिनिटे लागतात.

ही रेघ म्हणजे नेमके काय?

पान आपल्याला कागदासारखे सपाट दिसते, पण त्याला वरची आणि खालची अशा दोन पातळ त्वचा असतात आणि मध्ये हिरवा गर असतो. काही कीटकांच्या अळ्या या दोन त्वचांच्या मध्ये राहतात आणि गर खात पुढे सरकतात. गर संपला की मागे रिकामे भुयार उरते. त्यात हवा भरते आणि वरून पांढरी किंवा चंदेरी रेघ दिसते. म्हणजे रेघ पानावर नसते, पानाच्या आत असते. बोटाने पुसून जात नाही ती त्यामुळेच. भुरीचा पांढरेपणा बोटाला लागतो, नागअळीचा लागत नाही. पहिली ओळख इथेच होते.

अळी अंड्यातून निघते तेव्हा केसाएवढी असते, म्हणून रेघेची सुरुवात बारीक. अळी वाढते तशी रेघ रुंद होत जाते. ज्या टोकाला रेघ सर्वात रुंद, तिथे अळी असते किंवा तिथूनच ती बाहेर पडलेली असते. त्यामुळे रेघ नेहमी बारीक टोकाकडून जाड टोकाकडे वाचायची.

‘नागअळी’ हे नाव या नागमोडी वळणांवरून पडले. नावात नाग असला तरी विष नाही. रेघ असलेले पान चुकून भाजीत गेले म्हणून कुणाला काही होत नाही. त्याच पानावर आदल्या संध्याकाळी काय फवारले होते, ही चिंता मात्र खरी आहे.

मग सगळ्या रेघा नागअळीच्याच?

इथेच मोठा घोळ आहे. ‘पाने पोखरणारी अळी’ हे एका किडीचे नाव नाही, ती राहण्याची एक पद्धत आहे. ती माश्यांनी स्वीकारली, पतंगांनी स्वीकारली आणि भुंगेऱ्यांनीही. रत्नागिरीच्या एकाच वाडीत या तिन्ही जमाती सापडतात.

भातावर जुलै-ऑगस्टमध्ये येणारे निळे भुंगेरे शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. पाठीवर काटे असलेला हा छोटा भुंगेरा पानाचा हिरवा भाग वरून खरवडतो आणि शिरांना समांतर पांढऱ्या रेघा पाडतो. त्याची अळी मात्र पानाच्या आत शिरून गर खाते आणि पांढरा फोड तयार करते. पान पोखरणारा हा भुंगेरा झाला.

काजूवर पावसाळा सरल्यानंतर तांबूस कोवळी पालवी फुटते. तिच्यावर आधी बारीक रेघा आणि मग राखाडी-पांढरे फुगीर फोड दिसतात. काही दिवसांनी फोडाची त्वचा सुकते, फाटते आणि पानाला भोके पडतात. हे काम एका छोट्या पतंगाच्या अळीचे. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅक्रोसरकॉप्स सिनग्रामा. कलमे लहान असतील, नवी लागवड असेल तर ही कीड त्रास देते. मोठ्या झाडाची थोडी पालवी गेली तर त्याला फारसा फरक पडत नाही.

परसातल्या कागदी लिंबाच्या शेंड्याकडची पाने चुरगळलेली, चंदेरी, गोगलगाय चालून गेल्यासारखी दिसली तर तो दुसराच पतंग : फायलोक्निस्टिस सिट्रेला. विज्ञानाला त्याची पहिली ओळख १८५६ साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून झाली, म्हणजे हा आपल्याच मुलखातला जुना रहिवासी. पुढे तो जगभरच्या संत्रा-लिंबाच्या बागांत पोहोचला.

आणि टोमॅटो लावला असेल तर आणखी एक नाव लक्षात ठेवावे लागते, टुटा. दक्षिण अमेरिकेतला हा पतंग भारतात पहिल्यांदा २०१४ मध्ये महाराष्ट्रातच, पुणे परिसरात टोमॅटोवर आढळला. त्याची अळी पानात रुंद, पारदर्शक चट्टे पाडते आणि फळातही शिरते.

चवळी, वाल, काकडी, कलिंगड, दोडका, टोमॅटो, एरंड, झेंडू यांवरची बारीक, गुंडाळत गेलेली पांढरी रेघ मात्र बहुतेक वेळा माशीची असते. या लेखाची नायिका, किंवा खलनायिका, तीच.

ही माशी आली कुठून?

लिरिओमायझा ट्रायफोली असे तिचे नाव. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. रंग काळा-पिवळा, पाठीच्या टोकाशी, पंखांच्या मध्ये एक ठळक पिवळा ठिपका. भाजीच्या वेलाला धक्का दिला की उडणाऱ्या चिलटांत ती असते, पण आपले लक्ष जात नाही.

ती मूळची अमेरिका खंडातली. १८८० मध्ये वॉशिंग्टन परिसरात क्लोव्हर नावाच्या चारापिकावर ती सापडली आणि तिचे वर्णन झाले. क्लोव्हरचे शास्त्रीय नाव ट्रायफोलियम, त्यावरून ट्रायफोली. पुढची जवळपास शंभर वर्षे ती आपल्या भागात होती. मग फुलांच्या व्यापाराने तिला जग दाखवले. फ्लोरिडातून शेवंतीच्या फांद्यांची छाटकलमे परदेशी जाऊ लागली आणि त्या पानांत अंडी, अळ्या जाऊ लागल्या. १९७६ मध्ये ती केनियातल्या शेवंतीच्या रोपवाटिकेत पोहोचली आणि तिथून निघालेल्या कलमांबरोबर युरोपात. भारतात ती १९९०-९१ च्या सुमारास आली. सुरुवातीच्या नोंदी हैदराबादकडच्या, एरंडावरच्या. इथेही ती शेवंतीच्या कलमांबरोबर आली असे मानले जाते. काही वर्षांतच ती देशभरच्या भाज्यांवर, कपाशीवर आणि फुलझाडांवर दिसू लागली.

म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या शेतकऱ्याच्या तरुणपणी ही माशी कोकणात नव्हती. ‘आमच्या वेळी चवळीवर असल्या रेघा नसायच्या’ असे एखादे आजोबा म्हणाले तर त्यांना हसू नये, त्यांची आठवण बरोबर असू शकते.

या माशीचे घराणे मोठे आहे. अ‍ॅग्रोमायझिडी हे कुळ, आणि त्यात जगभरात तीन हजारांहून अधिक जाती. विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनची खोडमाशी आणि तुरीची शेंगमाशी या तिच्या नात्यातल्याच. एकीने खोड निवडले, दुसरीने शेंग, हिने पान. याच कुळातली एक माशी तर आपण स्वतः आमंत्रण देऊन आणली. रानात माजलेल्या घाणेरीच्या बिया खाव्यात म्हणून १९२१ मध्ये हवाईतून तिची एक बीजमाशी भारतात सोडण्यात आली. घाणेरीचे काय झाले ते घाटात गाडीतून बाहेर पाहिले तरी कळते.

वनस्पतीचे नाव इतके महत्त्वाचे का?

ब्रिटिश अभ्यासक केनेथ स्पेन्सर यांनी या कुळाच्या माश्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. कोणती जात कोणत्या वनस्पतीवर जगते याचा त्यांचा मोठा ग्रंथ १९९० मध्ये आला. त्यातून दिसते ते असे : या माश्यांतल्या बहुतेक जाती खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ आहेत. एक वनस्पती किंवा तिच्या जवळच्या नात्यातल्या दोन-चार, एवढ्यावरच त्यांचा संसार चालतो. ट्रायफोलीसारख्या ‘जे मिळेल ते’ खाणाऱ्या जाती बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून रेघ पाहण्याआधी झाड ओळखायचे. झाडाचे नाव बरोबर असेल तर अर्धी ओळख तिथेच झालेली असते. आणि नाव चुकले तर पुढचे सगळे चुकते.

याचे उदाहरण आपल्या फाटकावरच आहे. कोकणात घराच्या कमानीवर चढवलेली, पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होणारी, रात्री घमघमणारी वेल म्हणजे मधुमालती. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत तिला ‘रंगून क्रीपर’ म्हणतात आणि काही ठिकाणी ‘चायनीज हनीसकल’ही. आता हिच्या पानावर रेघ दिसली आणि फोनवर ‘हनीसकल’ आणि ‘लीफ मायनर’ असे शोधले, तर समोर येतात युरोपातल्या खऱ्या हनीसकलचे फोटो. तिथे त्या वेलीवर जगणाऱ्या माश्या वेगळ्याच आहेत. त्यांतल्या एकीचे भुयार पानाच्या मध्यशिरेजवळ चांदणीच्या आकारात सुरू होते आणि मग एका रेघेत पुढे जाते. तिथला जाणकार त्या चांदणीवरूनच जात सांगतो. तिचा कोषही पानाच्या आतच राहतो, तर त्याच वेलीवरच्या दुसऱ्या माश्यांच्या अळ्या मातीत पडून कोष करतात.

खरी हनीसकल म्हणजे लोनिसेरा, थंड हवेची. आपली मधुमालती कॉम्ब्रेटम, अर्जुन आणि ऐन यांच्या कुळातली. दोघींचा संबंध फक्त नावापुरता. फोनला तो फरक कळत नाही. आपण सांगितलेल्या शब्दावर तो इमानेइतबारे चुकीचे उत्तर देतो. तेव्हा मधुमालतीवर रेघ दिसली तर शोधाच्या चौकटीत ‘कॉम्ब्रेटम इंडिकम’ लिहावे आणि युरोपातल्या फोटोंवरून माशीचे नाव ठरवू नये.

पान उन्हात धरून काय पाहायचे?

सकाळी किंवा तिसऱ्या प्रहरी पान तोडा आणि सूर्याकडे धरून खालून पाहा. फोनच्या टॉर्चवर धरले तरी चालते. जे पानावर ठेवून दिसत नाही ते उजेडात एक्स-रे काढल्यासारखे दिसते.

पहिली खूण विष्ठेची. अळी खाते तिथेच विष्ठा टाकत पुढे जाते. माशीची अळी भुयारात कुशीवर पडून खाते आणि मधून मधून कूस बदलते. त्यामुळे तिच्या विष्ठेचे काळे ठिपके किंवा तुटक दोरे रेघेच्या एकदा या कडेला, एकदा त्या कडेला पडतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे मारावेत तसे, फक्त काळे. लिंबावरच्या पतंगाच्या रेघेत मात्र विष्ठेची एकच बारीक ओळ असते आणि ती बरोबर मधोमध धावते. ही एक खूण लक्षात राहिली तरी माशी आणि लिंबावरचा पतंग यांत गल्लत होत नाही.

दुसरी खूण अळीचीच. माशीच्या अळीला पाय नसतात आणि डोक्याची कवटीही नसते. दिसतो तो पिवळसर, तीन मिलिमीटरपर्यंतचा निमुळता दाणा, आणि एका टोकाला हलणारा काळा आकडा. तो तिच्या तोंडाचा. टुटा किंवा काजूच्या पतंगाच्या अळीला पुढे तपकिरी, टणक डोके असते. साधे भिंग किंवा फोनला लावायची शंभर-दोनशे रुपयांची क्लिप-लेन्स असेल तर हे स्पष्ट दिसते.

तिसरी खूण स्थलांतराची. आपली माशीची अळी ज्या पानात जन्मली त्याच पानात वाढते. टुटाची अळी एक पान सोडून दुसऱ्यात, किंवा पानातून फळात जाऊ शकते. टोमॅटोच्या फळाला देठाजवळ बारीक भोक दिसले तर माशीवर संशय घेऊ नका.

चौथी खूण रेघ सुरू होण्याच्या आधीची आहे आणि ती फार कमी लोक पाहतात. पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके दिसतात. मादी शेपटीकडच्या अणकुचीदार नळीने पान टोचते आणि वर आलेला रस चाटते. नराला टोचता येत नाही, तो मादीने पाडलेल्या छिद्रांवर भागवतो. थोड्याच छिद्रांत अंडे असते. त्यामुळे ठिपके शंभर दिसले तरी रेघा शंभर येणार नाहीत. काकडी-कलिंगडाच्या पहिल्या दोन जाड पानांवर, म्हणजे बीजदलांवर, हे ठिपके सर्वात आधी दिसतात. पाहायचे असेल तर तिथे पाहा.

एक मर्यादाही सांगायला हवी. रेघ पाहून ‘ही लिरिओमायझाची’ इथपर्यंत पोहोचता येते. त्यापुढे ती ट्रायफोली की तिची सख्खी बहीण सटायव्ही, हे उघड्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी नर माशीचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते किंवा डीएनए तपासावा लागतो. फोटोवरून छातीठोकपणे पूर्ण शास्त्रीय नाव सांगणाऱ्या अ‍ॅपवर थोडा अविश्वास दाखवायला हरकत नाही. सुदैवाने शेतात काय करायचे हे ठरवण्यासाठी तेवढ्या बारकाव्याची गरज पडत नाही.

रेघ दिसते, पण अळी आहे का?

पंप उचलण्याआधीचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. कोकणातल्या उबदार हवेत अंडे दोन ते पाच दिवसांत फुटते, अळी साधारण चार ते सात दिवस खाते. मग ती पानाच्या वरच्या त्वचेला अर्धचंद्राकृती चीर पाडून बाहेर येते, मातीत पडते आणि तिथे तांबूस-पिवळा, तांदळाच्या कणीहून लहान कोष करते. आठवडा-दोन आठवड्यांनी त्यातून माशी निघते.

पण अळी गेली तरी रेघ तशीच राहते. पान गळून पडेपर्यंत. म्हणजे रेघ ही बऱ्याचदा शिळी बातमी असते. जाड टोकाला चीर दिसली आणि भुयार रिकामे असले तर त्या पानावर मारलेले औषध रिकाम्या घरावर मारलेले औषध आहे.

दहा पाने तोडून उजेडात पाहिली तर तीन प्रकार दिसतात. काहींत पिवळी, हलणारी जिवंत अळी. काही रिकामी. आणि काहींत रेघ मध्येच थांबलेली, आत अळी तपकिरी-काळी, मऊ पडलेली, कधी तिच्या शेजारी आणखी एक इवलासा पांढरट किंवा हिरवट जीव. हा तिसरा प्रकार दिसला तर पंप खाली ठेवावा.

त्या अळीला मारले कोणी?

माशीपेक्षाही लहान, मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या, धातूसारख्या चमकणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या असतात. त्यांच्या नांगीचा माणसाला काही त्रास नाही. त्या पानावरून चालत शृंगिकांनी चाचपत जातात, भुयारातली अळी हेरतात आणि वरूनच नांगी खुपसून अळीत किंवा तिच्या शेजारी अंडे घालतात. गांधीलमाशीची पिल्ले मग अळी खाऊन वाढतात. हेमिप्टार्सेनस आणि निओक्रायसोकॅरिस या अशा दोन प्रजाती भारतात ट्रायफोलीवर नोंदल्या गेल्या आहेत. माशी परदेशातून आली, पण इथल्या शिकाऱ्यांनी तिला लवकरच ओळखले.

आता फवारणीचे गणित पाहा. अंडे पानाच्या आत, अळी दोन त्वचांच्या मध्ये, कोष मातीत. वरून पडणाऱ्या स्पर्शजन्य औषधाच्या तडाख्यात सापडते ती उडती माशी, आणि पानावर फिरणारी गांधीलमाशी. माशी वेगाने वाढते आणि औषधांना सरावतेही. अमेरिकेत या जातींनी एकामागून एक कीटकनाशके निकामी केली. गांधीलमाश्यांना हे इतक्या लवकर जमत नाही.

हा नुसता तर्क नाही. १९७६ मध्ये ओटमन आणि केनेडी या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिथोमिल हे कीटकनाशक फवारलेल्या भागात नागअळी कमी होण्याऐवजी भडकली, कारण तिला खाणारे परोपजीवी मेले होते. कोणत्या शेतात गांधीलमाश्या किती काम करतात हे मोजायचे असेल तर शास्त्रज्ञ मुद्दाम असे औषध मारून पाहतात. आपले शेतकरी हाच प्रयोग नकळत, स्वतःच्या खर्चाने करत असतात.

म्हणजे काहीच करायचे नाही?

तसेही नाही. वय पाहून ठरवायचे. कलिंगड, काकडी दोन-चार पानांवर असताना बीजदले आणि पहिली पाने रेघांनी भरून गेली तर रोप मागे पडते, कधी मरते. त्या वयात त्याच्याकडे दुसरी पाने नसतात. हा धोका खरा आहे आणि इथे लगेच हालचाल करावी. वेल पसरल्यावर, पंचवीस-तीस पाने असताना खालच्या पाच-सहा पानांवर रेघा आल्या तर वेलाला फारसा फरक पडत नाही. कलिंगडाला फळ धरल्यावर मात्र पुन्हा लक्ष हवे. पाने मोठ्या प्रमाणात वाळली तर फळ उघडे पडते आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोकणी उन्हात ते भाजते. भाजलेला डाग असलेले कलिंगड महामार्गावरच्या स्टॉलवर कुणी उचलत नाही. चवळी-वालाच्या शेंगा आणि काकडीचे फळ विकले जाते, पान नाही. तिथे दहा-वीस रेघांनी घाबरू नये. पालेभाजीत पानच विकायचे असते, त्यामुळे गणित उलटे. पण पालेभाजीवर औषध मारून दोन दिवसांत जुडी बाजारात नेणे हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

करण्यासारखे साधे उपाय असे. जिवंत अळीची पाने, विशेषतः रोपावस्थेत, खुडून घट्ट पिशवीत बांधावीत आणि पिशवी दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावी. बांधावर फेकल्यास अळ्या मातीत उतरतात आणि पिढी पूर्ण करतात. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीला लावले की माशी आली कधी हे कळते. ते पाळतीसाठी आहेत, सगळ्या माश्या त्यांनी संपत नाहीत. पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारला तर अळीच्या वाढीत अडथळा येतो आणि गांधीलमाश्यांचे नुकसान तुलनेने कमी होते. युरियाचा हात आखडता ठेवावा, कारण नत्राने लुसलुशीत झालेले पान माशीला जास्त मानवते. काढणी झाल्यावर जुने वेल मळ्यात तसेच सुकत ठेवू नयेत, विशेषतः शेजारी नवी लागण असेल तर.

रासायनिक औषधाची वेळ आलीच तर पानाच्या आत झिरपणारे, त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेले आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ लिहिलेले औषधच घ्यावे. दुकानदाराने ‘हे सगळ्यावर चालते’ असे सांगितले तर तेच नेमके नको असलेले औषध आहे असे समजायला हरकत नाही.

फोटो पाठवायचा तर कसा?

ग्रुपवर येणारे फोटो बहुधा हातभर अंतरावरून, पानाच्या एकाच बाजूचे आणि अर्धे धूसर असतात. त्यावरून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातला प्राध्यापकसुद्धा काही सांगू शकणार नाही. चार फोटो काढा : पूर्ण झाड किंवा वेल, पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि उजेडासमोर धरलेले पान. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळतो. पीक, लागवडीची तारीख, गाव आणि आधी काय फवारले हे लिहा. शेवटची माहिती लोक लपवतात, आणि तीच सर्वात उपयोगाची असते.

गावचे कृषी कर्मचारी, तालुका कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग यांपैकी जे जवळ असेल तिथे नमुना दाखवता येतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निगराणी प्रणालीचे अ‍ॅपही सुरू केले आहे, ज्यात फोटोवरून कीड ओळखण्याची सोय आहे. वर म्हटलेली सावधगिरी त्यालाही लागू.

घरच्या घरी पक्की खात्री कशी करायची?

रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. तळाशी कोरडा कागद घाला, त्यावर जिवंत अळ्या असलेली पाच-सहा पाने ठेवा आणि तोंडावर तलम फडके रबराने घट्ट बांधा. झाकण लावू नका, आत दमट होऊन पाने कुजतात. बरणी सावलीत ठेवा आणि पानांना बुरशी येऊ लागली तर तेवढी काढून टाका. दोन-चार दिवसांत कागदावर तांबूस-पिवळे कण दिसले तर ते कोष, म्हणजे अळी माशीचीच. कोष न दिसता पानाच्या दुमडीत जाळे किंवा रेशमी घडी दिसली तर पतंग.

त्यानंतर आठवडा-दोन आठवडे वाट पाहायची. बाहेर येणारे मोजावेत. पिवळा ठिपका असलेल्या दुपंखी माश्या किती आणि त्यांच्याहून बारीक, काळ्या-हिरव्या चमकणाऱ्या गांधीलमाश्या किती. गांधीलमाश्या निम्म्याहून जास्त निघाल्या तर या हंगामात फवारणीचा खर्च वाचला असे धरून चालावे. अशा बरणीतल्या माश्या आधी मारून टाकाव्यात, मग बरणी मळ्यात न्यावी, वेलांच्या सावलीत आडवी ठेवावी आणि फडके सोडावे.